५३१च्या शेवटची दोन पानं

नाशकात द्वारकेच्या चौकातून आत वळलं की तिसऱ्या गाळ्यात देवरे वाचनालय होतं. गोरक्ष देवरे तसा गरीब स्वभावाचा माणूस, पण पुस्तकात लिहिणाऱ्यावर त्याचा भारी राग. कोणी समासात 'वा वा' लिहिलं, कोणी पहिल्याच पानावर खुन्याचं नाव फोडून ठेवलं, की तो त्या सभासदाला चारचौघांत झापायचा. 'पुस्तक म्हणजे काय एसटी स्टँडची भिंत वाटली का?' हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या भीतीने लोक पुस्तक वाचताना हात धुऊन बसत.

म्हणून १९९४च्या श्रावणात वत्सलाबाईंनी २१७ नंबरचं पुस्तक टेबलावर ठेवून "गोरक्ष, याच्या शेवटी कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय," असं सांगितलं तेव्हा त्याने एसटी स्टँडच्या भिंतीपासून सुरुवात केली. वत्सलाबाई रिटायर झालेल्या नर्स. आयुष्यभर डॉक्टरांचं ऐकून घेतल्यामुळे आता त्या कोणाचंच ऐकत नसत.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "८८ नंबर आत आहे का, ते बघ."

"८८ कशाला? ती रडकी कादंबरी आहे. तुम्ही तर फक्त रहस्यकथा नेता."

"पुढचं ८८मध्ये आहे, असं लिहिलंय."

गोरक्षने २१७ उघडलं. ती गुप्तहेर वामन कर्णिकच्या मालिकेतली एक रहस्यकथा होती. छापील गोष्ट संपली होती, खुनी तुरुंगात गेला होता, आणि मागच्या कोऱ्या कागदांवर बारीक, सरळ ओळींत कोणीतरी गोष्ट पुढे चालू ठेवली होती.

'वामन कर्णिक जिना उतरला तेव्हा खालच्या पायरीवर मी बसले होते. त्याने विचारलं, बाई, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी या पुस्तकातली नाही. तो म्हणाला, बरं झालं, या पुस्तकातल्या बायका एकतर मरतात नाहीतर बेशुद्ध पडतात. मी म्हटलं, माझ्याबरोबर चला. ८८ नंबरात एका मुलीला तिची सासू रोज दुधातून काहीतरी देते आहे आणि लेखकाच्या ते लक्षातच आलेलं नाही.' आणि खाली, 'पुढे ८८.'

८८मध्ये शालन नावाची एक सून होती. ती अडीचशे पानं रडायची आणि शेवटी खंगून मरायची. नाशकातल्या निम्म्या बायका तिच्यासाठी रडून झाल्या होत्या. आता तिच्याही मागच्या पानांवर पेन्सिल होती. वामन कर्णिकने दूध तपासलं, सासूला बेड्या पडल्या, शालन उठून बसली. 'तिला विचारलं, आता तुला काय हवं? ती म्हणाली, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं, जरा विचार करू दे.' पुढे ३०२.

३०२ म्हणजे अवकाशयानाची गोष्ट. तिथली कॅप्टन उल्का यानाची प्रमुख असूनही मूळ पुस्तकात नायकाला चहा करून द्यायची. पेन्सिलीतल्या उल्काने पहिल्या दोन ओळींतच चहा बंद केला आणि शालनला वायरलेसवर बसवलं. १४५मधला कपालनाथ मांत्रिक पुढे त्यांच्यात येऊन मिळाला. त्याचे मंत्र फक्त अमावास्येला चालायचे, त्यामुळे महिन्यातले एकोणतीस दिवस तो यानात भाजी निवडायचा. आणि सगळीकडे ती 'मी' होती. नाव नाही, गाव नाशिक, खांद्याला कापडी पिशवी. ती या पुस्तकातून त्या पुस्तकात जायची, तिथल्या लोकांना बाहेर काढायची आणि पुढचा नंबर द्यायची.

आता वाचनालयातलं पुस्तक म्हणजे काय, ते सांगायला हवं. नवं पुस्तक आलं की त्याचं नाजूक वेष्टण काढायचं, दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायचं, पुढेमागे दोन-दोन कोरे कागद घालायचे, खळ लावून पुठ्ठा चढवायचा, वर खाकी कागद आणि पाठीवर लाल शाईने नंबर. असं केलं नाही तर दहा घरं फिरून आल्यावर पानं सुटी होतात, आणि नेमकं खुनी सापडतो तेच पान गळतं. हे शिवायचं काम गोरक्षची बायको मोहिनी करायची. दुपारी दोन ते चार दुकान बंद. गोरक्ष वरच्या मजल्यावर घरी घोरत पडायचा आणि ती गाळ्याचं शटर अर्धं ओढून पुस्तकं शिवत बसायची.

मोहिनी सटाण्याची. बारावीला वर्गात पहिली आलेली. लग्नाच्या बोलणीत 'मुलगी पुढे शिकेल' असं गोरक्षच्या वडिलांनी कबूल केलं होतं. बोलणी ती बोलणी. लग्न झालं, वाचनालय निघालं, शिवायला कोणीतरी हवंच होतं. बारा वर्षांत दोघांचं मोठं भांडण असं एकदाही झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. 'काय झालं?' असं गोरक्षने विचारलं की ती 'काही नाही' म्हणायची, आणि खरंच काही झालेलं नसायचं. ताटं वेळेवर, कपडे धुतलेले, घर झाडलेलं. बाईच्या आत मात्र कोणी राहतं की नाही, याचा गोरक्षला पत्ता नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याने दारही कधी वाजवून पाहिलं नव्हतं.

पेन्सिलवालीचा शोध त्याने आठ-दहा दिवस घेतला. मग लोक पुस्तकांसाठी रांग लावायला लागले आणि त्याने राग गिळला. गिऱ्हाईक वाढलं की राग पचतो. रहस्यकथा नेणारे पुरुष रडक्या कादंबऱ्या नेऊ लागले, देवाधर्माचं वाचणाऱ्या बायका अवकाशयानं मागू लागल्या. अमुक नंबर बाहेर असला तर लोक ज्याच्याकडे तो असेल त्याच्या घरी जाऊन वाचून यायचे. पूजा नावाची कॉलेजातली एक पोरगी तर रोज संध्याकाळी वही घेऊन यायची आणि उभ्या उभ्या सगळं उतरवून घ्यायची. पेन्सिल पुसट होते, म्हणायची.

पुढे तर लोक स्वतःच लिहायला लागले. कारखान्यात फिटर असलेला किशोर यानात घुसला. यानाचं इंजिन दर दोन पानांनी बंद पडायचं आणि ते फक्त किशोरलाच सुरू करता यायचं. इगतपुरीहून रेल्वेतला एक गार्ड यायचा, तो यानाला हिरवं निशाण दाखवायला हजर झाला. कॉलेज रोडच्या एक बाई कपालनाथाच्या गुहेत शिरल्या आणि त्याला नीट फोडणी द्यायला शिकवून आल्या. या जोडगोष्टींना लोक 'फांद्या' म्हणायचे. पहिल्या लिहिणारीला 'मूळबाई'. कोणी न ठरवता नियमही ठरले. फांदी पेन्सिलीनेच लिहायची, कोणाला मारायचं नाही, आणि मूळबाईंच्या 'मी'ला हात लावायचा नाही. ती कुठे जाते, काय करते, ते तिचं तीच ठरवणार. सिन्नरच्या एका वाचनालयातही फांद्या फुटल्याची बातमी आली तेव्हा गोरक्षची छाती उगीचच फुगली.

मूळबाई त्याला सापडली ती १९९६च्या दिवाळीत, तीही कागद संपला म्हणून. वर्षभर पुरणारा कोरा कागद सहा महिन्यांत कसा संपला, म्हणून एका दुपारी मोहिनी वर फराळात गुंतली असताना त्याने नवीन शिवलेलं एक पुस्तक उघडून पाहिलं. मागे दोनाऐवजी आठ कोरी पानं होती. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात दहा. मग त्याने २१७ काढलं आणि 'पुढे ८८' मधला आठ पाहिला. वरचा गोल किंचित उघडा राहिलेला. तोच आठ त्या कपाटातल्या शेकडो पाठींवर लाल शाईने लिहिलेला होता.

गोरक्ष खाली स्टुलावर बसला. बायकोचं अक्षर त्याला ओळखू आलं नव्हतं, कारण ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तिने त्याला कधी चिठ्ठी लिहिली नव्हती, माहेराहून पत्र टाकलं नव्हतं. तिचे फक्त आकडे त्याला माहीत होते. त्याला राग यायला हवा होता, निदान हसू तरी. काहीच आलं नाही. चार वाजले, त्याने शटर वर केलं.

तो तिला काही बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून तो सकाळी तासभर आधी गाळ्यात यायचा आणि पहिल्यापासून सगळं वाचायचा. दोन वर्षं गिऱ्हाइकांच्या हातांत देत होता ते त्याने आता स्वतः वाचलं. ६१ नंबरात त्याला हे सापडलं: 'शालनने विचारलं, तू घरून का निघालीस? मी म्हटलं, काही झालं नव्हतं. कोणी मारलं नाही, कोणी टाकून बोललं नाही. दुपार होती. मी उठले आणि जिना उतरले, आणि खाली उतरल्यावर लक्षात आलं की परत वर जायचं कारण आठवत नाही.'

हे त्याने चार वेळा वाचलं. मग तो स्वतःला शोधू लागला. नवरा म्हणून कुठे असेल, राक्षस म्हणून असेल, निदान एखादा मूर्ख हवालदार असेल. त्रेचाळीस पुस्तकं त्याने पालथी घातली. शेजारचा शिंपी होता, गल्लीतला लंगडा कुत्रा होता, वत्सलाबाईंचा एका काडीचा चष्मा एका जादूगारणीच्या नाकावर होता. गोरक्ष देवरे कुठेच नव्हता. बायकोने पुस्तकात शिव्या घातल्या असत्या तर त्याला इतकं लागलं नसतं. शिव्या घालायला तरी माणूस आठवावा लागतो.

तेव्हापासून त्याला एकच भीती होती. ही जाणार. आज कागदावर गेली, उद्या खरीच जिना उतरेल. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला नाही की तो उठून पाहून यायचा. ती असायची. कणीक मळत, नाहीतर तांदूळ निवडत.

"काही हवंय का?" ती विचारायची.

"नाही. तुला काही हवंय?"

"नाही."

इतकंच. एवढ्यावर कोणाचं काय बोलणं होणार? त्याने मनाशी धरून ठेवलं होतं की गोष्ट कधीतरी संपेल आणि संपताना ती 'मी' घरी येईल. सगळ्या गोष्टींत येतात तशी.

१९९७च्या एप्रिलमध्ये गोष्ट ४१६ला आली. कॅप्टन उल्काचं यान अशा जागी पोचलं होतं की जिथून पुढचं एकही पुस्तक देवरे वाचनालयात नव्हतं. 'उल्का म्हणाली, यापुढे नंबर नाहीत. पुढे कोणी लिहिलेलं नाही. वामन, शालन, कपालनाथ सगळे तयार आहेत. तू येतेस की परततेस? मी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हटलं, मला एक रात्र द्या.' पुढे ५३१.

वाचनालयात एकच चर्चा. जाणार की परतणार? किशोर म्हणायचा जाणार, गार्ड म्हणायचा सिग्नल मिळाल्याशिवाय नाही. ५३१ हे नवंकोरं पुस्तक होतं, नुकतंच शिवून झालेलं, मागे दहा पानं कोरी. त्याच आठवड्यात मोहिनीच्या भाचीचं लग्न निघालं आणि ती चार दिवसांसाठी सटाण्याला गेली. जाताना तिने ५३१ शिवायच्या सामानाखाली ठेवलं होतं. गोरक्षने ते शोधून काढलं.

पहिल्या दिवशी त्याने ते नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घोरला नाही. अर्धं शटर ओढून तो तिच्या जागी बसला, जुन्या पावत्यांच्या पाठीवर नऊ वेळा कच्चं लिहिलं, आणि मग पेन्सिलीला टोक करून ५३१च्या मागे दोन पानं लिहिली. बिचाऱ्याने आयुष्यात लिहिलेली ही पहिली गोष्ट.

'मी उल्काला म्हटलं, मला घरची आठवण येते. मला घरी सोडा. सगळ्यांना वाईट वाटलं पण पटलं. यान द्वारकेला उतरलं. दारात माझे पती गोरक्ष उभे होते. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, आलीस? मी म्हटलं, आले. मग आम्ही दोघं आत गेलो. समाप्त.'

'ते रागावले नाहीत' हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. त्यातच सगळं आलं, असं त्याला वाटत होतं. मोहिनी परत आली की वाचेल, तिला कळेल की त्याला माहीत आहे, आणि तो रागावलेला नाही. मग काहीतरी बोलणं निघेल, असा त्याचा हिशेब होता.

हिशेबात वत्सलाबाई नव्हत्या. त्या संध्याकाळी त्या आल्या, टेबलावर ५३१ उघडं पडलेलं पाहिलं आणि गोरक्ष 'अहो, ते अजून...' म्हणेपर्यंत पिशवीत घालून चालू लागल्या. रात्रीत ते तीन घरं फिरलं.

सकाळी वत्सलाबाई दारात. "अरे, म्हणजे आपली मोहिनी? मूळबाई म्हणजे आपली मोहिनी?"

मूळबाईंच्या गोष्टीत पहिल्यांदाच कोणाचं खरं नाव आलं होतं आणि ते गोरक्ष होतं. द्वारकेत गोरक्ष नावाचा, दारात उभा राहणारा नवरा किती जणींना असणार? नाकारावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर आतून निघालं, "हो."

मोहिनी चौथ्या दिवशी दुपारी परतली. गाळ्यात अकरा बायका बसल्या होत्या. वत्सलाबाईंनी खण-नारळ आणला होता. बाई इतक्या लांबून, तारे-ग्रह फिरून सुखरूप घरी आली, तर ओटी भरल्याशिवाय आत कशी जाऊ द्यायची? सगळ्यांना खरंच आनंद झाला होता. कोणाच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं.

"ये गं मूळबाई!" कोणीतरी ओरडलं.

मोहिनीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या ५३१कडे, मग गोरक्षकडे. तिच्या हातातली पिशवी त्याने पुढे होऊन घेतली. वत्सलाबाईंनी कुंकू लावलं. मोहिनीने पदर पसरला, तांदूळ आणि नारळ घेतला, वाकून नमस्कार केला. लोक टाळ्या वाजवत होते. कोपऱ्यात पूजा वही घेऊन उभी होती, तिने मात्र टाळी वाजवली नाही.

"हे मूळबाईंनी लिहिलेलं नाही," ती हळूच म्हणाली. ते गोरक्षने ऐकलं, बाकी कोणी ऐकलं नाही.

बायका गेल्यावर मोहिनीने ५३१ उघडून ती दोन पानं वाचली. वाचायला एक मिनिटही लागलं नसेल. मिटलं, ५३० आणि ५३२च्या मधे नीट सरकवून ठेवलं आणि नारळ घेऊन वर गेली. त्या रात्री नारळाची वडी झाली.

दुसऱ्या दिवसापासून शिवलेल्या पुस्तकांत पुन्हा मागे दोनच कोरी पानं येऊ लागली. गोरक्ष रोज पाहायचा. दोन. दोन. दोन. महिन्याने त्याने धीर करून विचारलं, "मग पुढचं?"

"पुढचं काय?" ती दाभण ओवत होती.

"गोष्टीचं."

"आणलंत ना मला घरी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "आता पुढचं काय असणार?"

आणि तिने दोरा दातांनी तोडला. एवढं बोलणं त्यांच्यात पूर्वीच्या बारा वर्षांत झालं नव्हतं, आणि नंतरच्या दहा वर्षांतही झालं नाही.

ती दहा वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं काही नाही. घराघरात केबल आली, मालिका आल्या, सभासद गळाले. कोणी जुनं माणूस अधूनमधून येऊन 'मूळबाई लिहितात का हो?' असं विचारायचं. गोरक्ष 'नाही' म्हणायचा. पहिल्यांदा म्हणताना तो कपाटाकडे पाहायचा, मग सवय झाली, मग तो 'नाही' कोणी दुसराच म्हणतोय असं वाटायला लागलं. २००४मध्ये त्याने गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने दिला. पुस्तकं रद्दीत गेली. पेन्सिलीची तेवढी दोन कपाटं त्याने वर घरात नेऊन ठेवली. मोहिनी त्यांच्यावरची धूळ दर आठवड्याला पुसायची, जशी ती फ्रिजवरचीही पुसायची.

२००७च्या जानेवारीत पूजा आली. आता बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत होती, केस कापलेले, हातात जाडजूड फाइल. मोहिनी पलंगावर बसून मटार सोलत होती, गोरक्ष खिडकीपाशी खुर्चीवर.

"काकू, तुम्हाला राग येणार नसेल तर एक सांगते," पूजा म्हणाली. "मी वहीतलं सगळं टाइप करून इंटरनेटवर टाकलं. दोन वर्षं झाली. कोणी लिहिलं ते लिहिलेलं नाही, नुसतं 'नाशिकच्या मूळबाई'."

तिने फाइल उघडली. शिकागोहून कोणीतरी फांदी लिहिली होती, दुबईहून कोणीतरी. मराठी होतं, पण इंग्रजी अक्षरांत. एका बाईंनी लिहिलं होतं की बाळंतपणानंतर त्या आठ महिने कोणाशी बोलल्या नव्हत्या, आणि ६१ नंबर वाचल्यावर त्यांनी पहिल्यांदा बहिणीला फोन केला. मोहिनी एकेक कागद बाजूला ठेवत होती. हात मटारावर चालूच होते.

"दोनशेच्या वर फांद्या झाल्या, काकू. आणि सगळे एकच विचारतात, पुढे काय? मी ४१६ला थांबवलंय. ५३१ मी टाकलंच नाही."

गोरक्ष उठला. कपाटातून ५३१ काढलं आणि पूजासमोर धरलं. दहा वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "ही दोन पानं माझी आहेत. हिची नाहीत. मी लिहिली. तू सगळ्यांना सांग तसं. आणि हे घे, रबर घे, आत्ता खोडून टाक. मागे आठ पानं कोरी आहेत अजून." मग तो मोहिनीकडे वळला. "तू लिही. मी काही म्हणणार नाही. मी पाहणारसुद्धा नाही."

मोहिनीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं थोडं, दुसरं काही नव्हतं.

"लिहा ना काकू," पूजा म्हणाली. "त्या गेल्या की परतल्या?"

"मला काय माहीत?" मोहिनी म्हणाली. "लिहिलं असतं तर मलाही कळलं असतं."

"मग आता लिहा."

"बसले होते की. एकदा नाही, पुष्कळदा. हे भाजी आणायला गेले की बसायचे." ती शेंग फोडता फोडता सावकाश बोलत होती, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तशी. "यानात सुरुवात करून पाहिली. गुहेत करून पाहिली. कुठूनही सुरुवात केली तरी दुसऱ्या ओळीला हे दारात उभे असतात. रागावलेले नसतात. नुसते उभे असतात. मग काय लिहिणार?"

पूजाने फाइल मिटली. गोरक्षच्या हातात ५३१ तसंच होतं, आणि दुसऱ्या हातात रबर. त्याला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं, रडायला तरी हवं. आत चाचपून पाहिलं तर तिथे कोणी नव्हतं. मोहिनीकडे वर्षानुवर्षं पाहत आला होता ते हेच असणार, असं त्याला वाटलं.

आणि मग ते त्याच्या ध्यानात आलं, इतकं सरळ की लहान मुलालाही कळलं असतं. ती तीन वर्षं रोज दुपारी दोनला जात होती आणि रोज चारला परत येत होती. आपल्या पायांनी. शटर वर करायला, चहा टाकायला. तिला आणायला कोणी जायची गरजच नव्हती. त्याने तिला आणलं आणि त्या दिवसापासून ती आलीच नाही.

"येते काकू," पूजा म्हणाली.

"कुंकू लावून जा," मोहिनी म्हणाली आणि मटाराचं भांडं बाजूला ठेवून उठली.

गोरक्ष पूजाबरोबर खाली गेला. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी गर्दी होती. त्याने हात करून रिक्षा थांबवली, ती बसल्यावर स्टेशनला सोड म्हणून सांगितलं, आणि रिक्षा गेल्यावरही बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला. वर खोलीत बाई एकटी होती. तिला जितका वेळ एकटं राहता येईल तितका वेळ द्यावा, एवढंच त्याला सुचलं.